सरजाचा पडदा

पालमच्या बाजारात कुणी लांबचा माणूस झटकन ओळखला की लोक म्हणायचे, "काय रे, रायभानची नजर उसनी आणलीस का?" एवढं त्या नजरेचं नाव. रायभान मेंढरंवाला. गोदावरीच्या अलीकडच्या काठावर बसून पलीकडच्या कळपात मिसळलेली आपली मेंढी हा बाबा नुसत्या चालीवरून सांगायचा. पलीकडचा भांडायला उठला तर तिच्या कानाची खूण सांगून मोकळा व्हायचा. रान, मेंढरं, पैका, कशाचा म्हणून त्याला गर्व नव्हता. होता तो फक्त डोळ्यांचा, आणि तो मात्र पोटभर होता.

त्याची पोरगी सरजा. नजर बापाची आणि जीभही बापाची. बारावी झाली, टायपिंगची परीक्षा दिली आणि परभणीला मावशीकडं राहून स्टेशन रोडवरच्या बन्सीधररावांच्या छापखान्यात कामाला लागली. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात लग्नपत्रिकेतला अनुस्वार पडला, तर तो पत्रिका वाटून झाल्यावर सापडायचा. मग नवरदेवाचा बाप येऊन बन्सीधररावांच्या नावानं खडे फोडायचा. सरजा आली आणि हे थांबलं. खुर्चीवरून मान न वाकवता ती सांगायची, "काका, तिसऱ्या ओळीत वेलांटी उलटी हाय." बन्सीधरराव चष्मा पुसून बघायचे, तर असायचीच.

विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीची ती वर्षं. नामांतर झालंच पाहिजे म्हणणारी पत्रकंही इथंच छापली जायची आणि होऊ नये म्हणणारीही, आणि बंद पुकारला की शटर अर्धं खाली ओढून काम चालू राहायचं. काम इतकं वाढलं की बन्सीधररावांनी कंप्युटर आणला. जुने खिळेजुळारी त्याला हात लावायला तयार होईनात. सरजानं लावला. मेंढरांमागं हिंडणाऱ्याची पोर पंख्याखाली खुर्चीवर बसून कंप्युटर चालवते, हे बघायला गावाकडून आलेली माणसं काम नसताना दारात उभी राहायची. सरजाला ते कळायचं. ती मुद्दाम जरा जोरात बटणं दाबायची.

तो पहिला कंप्युटर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दिवसभर तो हिरवा रंग बघून दुपारी डबा उघडला की जोंधळ्याची भाकर तिला गुलाबी दिसायची. चुन्याची भिंत गुलाबी, कोरा कागद गुलाबी. थोड्या वेळानं सगळं ठीक व्हायचं. तिला आधी हसूच आलं. या डोळ्यांनी घरी गेले तर आबाची पांढरी मेंढरं रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसतील, असं ती मावशीला म्हणाली.

मग बन्सीधररावांनी दुसरा आणला, नव्या पद्धतीचा. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं, हुबेहूब कागद. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. कागदासारखा दिसतो म्हणजे डोळ्यालाही कागदासारखाच सोसणार, असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि तिथंच सगळे फसले. कागद दुसऱ्याच्या उजेडात दिसतो. हा बाबा स्वतःच पेटलेला. वर तो सारखा भिरभिरायचा. समोर टक लावून पाहिलं तर कळायचं नाही, पण बाजूला ठेवलेल्या हस्तलिखिताकडं बघताना डोळ्याच्या कोपऱ्यात त्याची लवलव चालू असायची. औरंगाबादहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं तिला समजावून सांगितलं होतं: काचेच्या आत एक किरण वरून खाली अक्षरं रंगवत जातो, रंगवलेलं विझतं, तो पुन्हा रंगवतो. हिरव्याची चमक सावकाश विझते, म्हणून तो शांत वाटतो, पण मजकूर वर सरकवला की अक्षरांच्या मागं शेपटं राहतात. पांढऱ्याची लगेच विझते, म्हणून तो नाचतो.

तिसरा एक पडदा कोपऱ्यात कापडाखाली पडून होता. कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयाच्या जुन्या सामानात तो आला होता. काळ्यावर पिवळी, केशरीकडं झुकणारी अक्षरं. छापखान्यात त्याचं नाव पडलं होतं 'कावीळ'. गिऱ्हाइकापुढं कावीळ कोण मांडणार, म्हणून तो झाकूनच ठेवलेला.

त्या हिवाळ्यात एक मोठं काम आलं. पालमच्या ज्या शाळेत सरजा शिकली, तिचीच स्मरणिका. बन्सीधररावांनी शब्द दिला, "शेवटच्या पानावर तुझं नाव टाकू. अक्षरजुळणी, सरजा रायभान." मतदारयादी सोडली तर तिच्या घरातल्या कुणाचं नाव आजवर छापून आलं नव्हतं, आणि मतदारयादीतसुद्धा रायभानचा 'रामभान' झाला होता. सरजा इरेला पेटली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती त्या पांढऱ्या पडद्यापुढून हलेना. आठवडाभरात डोळे लाल झाले, कपाळ ठणकायला लागलं, संध्याकाळी एस.टी.ची पाटी वाचायला दोनदा डोळे मिटावे लागू लागले. रायभानच्या पोरीला पाटी वाचता येत नाही, हे तिला मनातून फार लागलं. पण ती बोलली कुणाजवळ नाही.

तेवढ्यात तिचा मामा, लिंबाजी, लोकर घेऊन परभणीला आला आणि सहज छापखान्यात डोकावला. भाचीचे डोळे बघून दचकलाच.

"सरजे, डोळ्याला काय झालं गं?"

"काही न्हाई मामा. पडद्याचा तरास हाय. मधी मधी अंधुक दिसतं. व्हईल बरं."

आता तिनं पडदा म्हटला तो टेबलावरचा. लिंबामामानं उभ्या जन्मात दोनच पडदे ऐकलेले: एक टुरिंग टॉकीजचा आणि दुसरा म्हाताऱ्यांच्या डोळ्यात येतो तो. टुरिंग टॉकीजचा इथं संबंध नव्हता. तो पहिल्या एस.टी.नं गावी गेला आणि बहिणीच्या दारात बसून म्हणाला, "बानूबाई, सरजाच्या डोळ्यात पडदा आलाय."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सोयऱ्यातल्या भुजंगनं आपल्या पुतण्यासाठी सरजाचा शब्द काढला होता, तो त्यानं गिळला. आठवडी बाजारात उभा राहून तो म्हणाला, "रायभानच्या घरात पडदा. आता नजरेच्या बाता कोण मारतो ते बघू." माणसाला दुसऱ्याची उतरती बघायला किती बरं वाटतं, ते भुजंगकडून शिकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायभान छापखान्याच्या पायरीवर हजर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पटका कपाळावर पुढं ओढलेला. आत यायला तयार नाही.

"चल घरी," तो म्हणाला. "बास झाली नवकरी."

"आबा, कामून?"

"कामून म्हणून इचारती? वयाच्या ईसाव्या वर्षी पोरीच्या डोळ्यात पडदा आला, तिला काय त्या पेटीपुढं बसवून आंधळी करू?"

सरजाला मामाचा घोटाळा तेव्हा कळला. तिनं हजार परीनं सांगितलं की पडदा डोळ्यात नाही, टेबलावर आहे. बन्सीधररावांनीही पुढं होऊन सांगितलं, "रायभानजी, पोरगी सोनं आहे, हाती घेतलेलं काम अर्धं टाकून नेऊ नका." पण रायभान एकदा रुसला की खांबासारखा. घरी नेलं तर परत यायचं नाही, हे सरजाला बापाच्या तोंडावरून दिसत होतं. शेवटच्या पानावरचं नाव तर गेलंच, आणि ही खुर्चीही गेली.

"आबा, डोळ्याच्या डॉक्टरीणबाईकडं चला. ती म्हणाली पडदा हाय, तर मी तुमच्या आधी एस.टी.त बसते."

यावर त्याला नाही म्हणता येईना.

डॉक्टर सुमनबाईंनी सरजाचे डोळे बत्ती मारून नीट तपासले, फळ्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचून घेतली आणि हसल्या. "पडदा-बिडदा काही नाही. डोळे उत्तम आहेत. फक्त ही पापणी लवत नाही. पडद्याकडं बघत बसलं की माणूस पापणी मिटायचीच विसरतो. डोळा कोरडा पडतो, म्हणून मग पाणी येतं."

"कोरडा हाय म्हणून पानी येतं?" रायभान म्हणाला. "आमच्या हिरीला बी सांगा येवढं."

सुमनबाई मोकळेपणी हसल्या. मग त्यांनी सरजाला विचारलं, खिडकी कुठं आहे, उजेड किती ठेवतेस, पडदा कोणता. खिडकीचा उजेड काचेवर पडत असेल तर टेबल फिरवून घे म्हणाल्या. चमक कमी करायचं बटण असतं ते वापर, पडदा जरा खाली ठेव, मधूनमधून उठून लांबचं काहीतरी बघ. आणि जो पडदा नाचतो त्याच्यापुढं दिवसभर बसू नकोस. जाता जाता त्या रायभानला म्हणाल्या, "बाबा, आलाच आहात तर तुमचेही डोळे बघू का?"

"माझे?" रायभानला अपमानच वाटला. "माझ्या डोळ्याला काय बघता? पालमला इचारा जाऊन."

रस्त्यात तो सरजाला म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणती ते असंल. पण मी माझ्या डोळ्यानं त्या पेट्या बघीन आन् मग ठरवीन. त्यात खराबी दिसली, तर तू घरी."

सरजाला हायसं वाटलं. बापाची नजर म्हणजे शेवटचा निकाल, हे तिनंही लहानपणापासून मानलेलं.

छापखान्यात आल्यावर तिनं टेबल खिडकीपासून आडवं फिरवलं. कोपऱ्यातल्या 'काविळी'वरचं कापड काढलं. पांढरा पडदा चालू केला, शेजारी जुना हिरवा. रायभानला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते; बाजारात आणि एस.टी.च्या पाटीवर ते शिकावेच लागतात. म्हणून तिनं दोन्हींवर मोठे आकडे टाकले आणि बापाला खुर्चीवर बसवलं. त्याच्या हातातली काठी तिनं भिंतीला टेकवून ठेवली.

रायभान पुढं वाकला, मागं झाला, डोळे बारीक केले.

"ह्या हिरव्यावर धूर हाय," तो म्हणाला. "आन् ह्या पांढऱ्याच्या भवती खळं हाय, चंद्राला पडतं तसं. बघवत न्हाई."

"आकडे कोणते हायत, आबा?"

"आकडे दिसत्यात की. पन धूर हाय."

सरजानं हिरव्याची वायर काढून त्या जागी काविळीची लावली. पिवळी अक्षरं उजळली. इतक्या दिवसांत तिनं हा पडदा नीट पाहिलाच नव्हता. काळ्यावर ती पिवळी अक्षरं शांत बसली होती. चमक थोडी उतरवली तर ती आणखी ठळक झाली. लवलव नाही, शेपूट नाही, आणि नंतर भिंतीकडं पाहिलं तर भिंत पांढरीच. तिला वाटलं, आता तरी आबा हो म्हणतील.

"ह्याच्यावर बी धूर," रायभान म्हणाला. "ह्याला बी खळं. तिन्ही बी खराब हायत, सरजे. उठ. चल."

तो खरंच उठला आणि काठीसाठी हात पुढं केला. काठी भिंतीला होती. हात तिच्या शेजारून रिकामा गेला, भिंत चाचपली आणि मग काठीला लागला.

सरजा ते बघत राहिली. तिचे डोळे आताच डॉक्टरीणबाईंनी तपासले होते. त्यांना दिसायचं ते दिसलं. तिनं पडद्याचं बटण बंद केलं आणि छताकडं बोट केलं. "आबा, तो दिवा बघा. त्याला खळं हाय?"

रायभाननं वर पाहिलं. मग पटका कपाळावर आणखी पुढं ओढला.

बन्सीधरराव पलीकडं उभे होते. सरजा त्यांना म्हणाली, "काका, आबाला चहा सांगता का?" ते शहाणे होते. स्वतःच चहा सांगायला बाहेर गेले आणि लवकर परतले नाहीत.

सरजा बापाच्या पायाशी खाली बसली. "कधीपासून?"

"मागल्या हिवाळ्यापासून," रायभान हळूच म्हणाला. "आधी वाटलं धुकं हाय. मग वाटलं चुलीचा धूर हाय. मेंढरं आता आवाजावरनं वळखायलोय, बाई. गळ्यातल्या घंटीवरनं. तुझ्या मायला बी म्हाईत न्हाई."

"आन् डॉक्टरीणबाई तुमचे बघते म्हणाली, तर..."

"काय सांगू तिला? रायभानला दिसत न्हाई म्हणून? लिंबाजी म्हणला सरजाच्या डोळ्यात पडदा आला. मला वाटलं, माझंच तुझ्यात उतरलं. नजर दिली तसा पडदा बी दिला. घरी नेऊन डोळ्यापुढं ठेवावी म्हटलं, दुसरं काय करनार व्हतो मी."

सरजाला रडू आलं आणि रागही आला. बापाच्या नजरेचा तिला गर्व होता. ती नजर गेल्याचं दुःख होतंच. पण ज्या माणसानं वर्षभर घंट्यांवर कळप राखला, एक मेंढी हरवू दिली नाही, त्याचा गर्व आता कमी कसा करायचा, हेच तिला कळेना. उलट तो वाढलाच होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आबा, ऐका. तुमचा पडदा काढता येतो आन् माझा बदलता येतो. दोघांचं बी भागतं. यात घरी नेण्यासारखं काय हाय?"

रायभान तिच्याकडं बघत राहिला. नीट दिसत नव्हतं, तरी बघत राहिला. मग म्हणाला, "मायसारखी बोलायलीस."

चहा आला तेव्हा तो शांत झाला होता. बशीत ओतून प्याला. संध्याकाळच्या एस.टी.ला तो एकटाही गेला नाही आणि सरजाला घेऊनही गेला नाही. सकाळी बापलेक पुन्हा सुमनबाईंच्या दारात उभे होते. त्यांनी बत्ती मारली आणि म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. पिकायला आलाय. काढून टाकू."

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून रायभान मावशीच्या घरी पडून राहिला. इकडं सरजानं छापखान्याची घडी बदलली. सगळी जुळणी काविळीवर. पानं लावायची तेवढी पांढऱ्यावर, तीही सकाळी, डोळे ताजे असताना, खिडकीला कापड टाकून. मधे मधे ती उठून दारात उभी राहायची आणि स्टेशनच्या बाजूला लांब बघायची, पापण्या मिटत, उघडत. बन्सीधररावांना गिऱ्हाइकापुढं कावीळ मांडायला आधी लाज वाटली. मग लग्नपत्रिका चुकीशिवाय निघायला लागल्या, तेव्हा तेच सांगू लागले, "हा खास आहे. डोळ्यासाठी." बटणं जोरात दाबायची सरजाची खोड मात्र गेली नाही.

स्मरणिका वेळेवर झाली. शाळेच्या पटांगणात मांडव पडला, पाहुणे आले, भाषणं झाली. रायभान पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसला होता. पटका आता मागं सरकवलेला आणि नाकावर जाड भिंगाचा चष्मा. त्या भिंगामागं त्याचा डोळा एवढा मोठा दिसत होता की पोरं वळून वळून बघत होती. त्याला त्याचं काही नव्हतं.

भाषणं संपून चहा फिरायला लागला तसा भुजंग जवळ सरकला. चार माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काय रायभान, पोरीच्या डोळ्यातला पडदा कसा हाय आता?"

सरजा मायजवळ बायकांत बसली होती. तिनं ऐकलं आणि वळून बापाकडं बघितलं. बापानं आता काय करावं हे तिला ठाऊक होतं. पण ते कुणी सांगून करायचं नसतं.

रायभान उठून उभा राहिला. काठीला हात न लावता.

"भुजंगा, पडदा माझ्या डोळ्यात व्हता," तो म्हणाला, आणि नदीपलीकडं हाक मारायची सवय असलेला तो आवाज पार मांडवाच्या कडेपर्यंत गेला. "मला साल झालं दिसत नव्हतं. मी लपवून ठिवलं. ते वळखलं माझ्या पोरीनं. डॉक्टरच्या आधी. आता बोल, नजर कुणाची?"

भुजंगनं चहाच्या कपात बघितलं. लिंबामामा शेजारी बसला होता, त्यानं मान खाली घातली, कारण मूळ घोटाळा त्याचा होता.

"आन् तिच्या म्होरं जो पडदा हाय ना," रायभान म्हणाला, "त्याच्यावरनं हे बुक झालंय." त्यानं घोंगडीतून स्मरणिका काढली, उलटी धरली, सुलटी केली आणि शेवटचं पान उघडलं. सगळ्यात खाली दोन बारीक ओळी होत्या. त्यानं बोट वरच्या ओळीवर ठेवलं नाही. बरोबर खालच्या ओळीवर ठेवलं आणि पान भुजंगच्या नाकासमोर धरलं.

"हे बघ. सरजा रायभान."

भुजंगला राहवलं नाही. "तुला कवा वाचता यायला लागलं?"

"वाचता न्हाई येत," रायभान म्हणाला. "पट्टी सुटल्यावर तिनं एकदा दाखवलं व्हतं. तोंड ध्यानात ठिवलं. आता कुठल्या बी कळपात वळखीन."